बारवेच्या पायऱ्या आणि नारू

पायऱ्या उतरून पाण्यात पाय बुडवून घागर भरण्याची सोय देणारी बारव ही दुष्काळी मुलखाची जीवनवाहिनी होती. मात्र नारू हा परजीवी कृमी, म्हणजे दुसऱ्या प्राण्याच्या देहावर जगणारा जंत, नेमका याच सोयीवर पोसला गेला. दूषित पाणी प्यायल्यानंतर सुमारे वर्षभराने जवळजवळ मीटरभर लांबीची मादी बहुधा पायाच्या फोडातून बाहेर डोकावे, आणि आग शमवण्यासाठी रोग्याने पाय पाण्यात बुडवताच ती असंख्य अळ्या सोडी, ज्या सायक्लोप्स या सूक्ष्म जलचराच्या पोटात वाढून पुन्हा पिणाऱ्याच्या शरीरात शिरत. सायक्लोप्सची ही भूमिका रशियन संशोधक फेदचेन्को यांनी 1870 च्या सुमारास मध्य आशियातील तुर्किस्तानात उलगडली. काडीवर गुंडाळून कृमी दिवसेंदिवस हळूहळू ओढून काढणे हाच जुना उपाय होता, आणि त्या वेदनेत ऐन पेरणी-कापणीच्या दिवसांत माणसे अंथरुणाला खिळत. या रोगावर ना लस निघाली ना रामबाण औषध. तरीही 1980 च्या दशकात सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेने पायऱ्यांच्या विहिरींचे रूपांतर, हातपंप, फडक्याने पाणी गाळणे आणि पाण्यात टेमेफॉस हे कीटकनाशक टाकणे एवढ्याच साधनांनी महाराष्ट्रासह बाधित राज्यांतून नारू हटवला, हे भारतीय सार्वजनिक आरोग्याचे फार मोठे यश मानले पाहिजे. देशातील शेवटचा रुग्ण 1996 साली राजस्थानातील जोधपूर जिल्ह्यात आढळला आणि 2000 साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणित केले.