श्वेतप्रकाश व वर्णपट

श्वेतप्रकाश : डोळ्यास पांढरा भासणारा प्रकाश. तो स्वतः एक रंग नसून, सुमारे ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या दृश्य पट्ट्यातील सर्व किरणांचा समुच्चय होय. तरंगलांबीच्या क्रमाने हे किरण पृथक् मांडले गेले, म्हणजे त्या मांडणीस वर्णपट म्हणतात.

आयझॅक न्यूटन याने १६६६ च्या सुमारास अंधाऱ्या खोलीत आलेली सूर्यशलाका काचेच्या लोलकातून नेली, तेव्हा समोरच्या भिंतीवर तांबड्यापासून जांभळ्यापर्यंतचा, ‘तानापिहिनिपाजा’ म्हणून मुले पाठ करतात तो पट उमटला. हे रंग काचच निर्माण करते असा जो समज तत्पूर्वी रूढ होता, तो त्याने, वेगळा काढलेला एकच रंग दुसऱ्या लोलकातून नेला असता पालटत नाही हे दाखवून, आणि विखुरलेले रंग भिंगाने एकवटून पुन्हा पांढरा प्रकाश मिळवून, कायमचा खोडून काढला. जांभळ्या किरणांचा वेग काचेत तांबड्याहून कमी होतो, म्हणून त्यांचे वक्रीभवन अधिक होते. रंगांची सात ही संख्या मात्र केवळ संकेताची आहे. पट अखंड आहे.

सर्व रंग एकत्र आले की पांढरे दिसते, या तत्त्वाचा रोजच्या व्यवहारातील उत्कृष्ट दाखला कागल तालुक्यातील बिद्री येथे मिळतो. तेथील श्री दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखान्यासारख्या कारखान्यांतून जो जिन्नस पोत्यांत भरला जातो, त्याचा प्रत्येक दाणा वस्तुतः पारदर्शक असतो. परंतु असंख्य दाण्यांच्या पृष्ठभागांवरून प्रकाशाचे वारंवार परावर्तन व वक्रीभवन होऊन सर्व रंग जवळजवळ सारख्याच प्रमाणात डोळ्याकडे परततात, आणि म्हणून रास शुभ्र दिसते. तीच साखर दळली तर पृष्ठभाग वाढून ती अधिक पांढरी होते. ओली झाली तर दाण्यांमधील हवेची जागा पाण्याने घेतल्यामुळे विकिरण घटते व शुभ्रता मावळते.

उसाच्या रसातील रंगद्रव्ये वर्णपटाचे जांभळे-निळे टोक शोषून घेतात. तेवढे वजा झालेला श्वेतप्रकाश पिवळसर, आणि शोषण वाढत गेले की तपकिरी दिसतो. गुळाचा रंग तो हाच. साखरेसाठी रसास चुना व गंधकाचा वायू देतात तो या द्रव्यांच्या निर्मूलनार्थ, आणि ती कितपत गेली याची खातरजमा करताना साखरेच्या द्रावणातून ४२० नॅनोमीटरचा, म्हणजे नेमका त्या जांभळ्या-निळ्या टोकाचाच, प्रकाश सोडून त्याचे शोषण मोजतात. आपल्याकडील प्रतवारीत ‘एस-३०’ व ‘एम-३०’ या संज्ञांतील अक्षर दाण्याचा आकार सांगते, तर अंक रंग. अर्थात पांढरेपणा म्हणजे रंगांचा अभाव हा लोकसमज चुकीचा ठरतो. उणीव असते ती पिवळेपणात.

रसातील साखरेचे प्रमाण, प्रयोगशाळेच्या बोलीत ‘पोल’, ठरविताना मात्र श्वेतप्रकाश अडचणीचा होतो. साखरेचे द्रावण ध्रुवित (म्हणजे एकाच प्रतलात कंप पावणाऱ्या) प्रकाशाचे प्रतल फिरविते, पण तांबड्यापेक्षा जांभळ्याचे अधिक. सर्व रंग एकदम सोडले तर एक निश्चित कोन मिळतच नाही. म्हणून ध्रुवणमापकात परंपरेने सोडियमचा पिवळा प्रकाश (५८९·३ नॅनोमीटर) घेतात व २० अंश सेल्सियस तापमानास साखरेचे विशिष्ट वलन +६६·५ अंश धरतात. उसाचा उतारा, आणि पर्यायाने शेतकऱ्याचा दर, अशा मापनावर अवलंबून असल्याने रंगांची ही निवड शास्त्रज्ञाइतकीच शेतकऱ्याच्याही हिताची आहे.

वर्णपटात सोडियमच्या याच पिवळ्या प्रकाशाच्या रेषेलगत एक महत्त्वाचा शोध दडलेला होता. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात लेफ्टनंट जॉन हर्शेल यांनी सूर्याच्या कडेवरील ज्वालांचा वर्णपट पाहिला. त्यात श्वेतप्रकाशाचा अखंड पट नव्हता, तर तांबडी, नारिंगी व निळी अशा सुट्या तेजस्वी रेषा होत्या, आणि त्यांतील नारिंगी रेषा त्यांना सोडियमच्या रेषेशी जुळणारी वाटली. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात नॉर्मन लॉकियर यांनी इंग्लंडात ती किंचित निराळी, ५८७·६ नॅनोमीटरच्या स्थानी असल्याचे दाखविले. ती ज्या वायूची होती तो हेलियम विल्यम रॅम्झी यांनी १८९५ मध्ये एका युरेनियमयुक्त खनिजातून पृथ्वीवर प्रथम वेगळा केला.