कोळशाचं पोतं आणि वजनाचा हिशेब

मंडळी, भोर संस्थान 1948 साली विलीन झालं, इथपर्यंत आपण गेल्या व्याख्यानात आलो होतो. आज शेजारच्या वेल्ह्यात जाऊ. 12 जुलै 1961 ला पानशेतचं धरण फुटलं, हे पुण्यात सगळ्यांना ठाऊक आहे. धरणासाठी जे रस्ते झाले, त्यांची आठवण फारशी निघत नाही. त्या रस्त्यांनी कोळशाचे व्यापारी डोंगरात पोचले. मालकी रानातली झाडं त्यांनी कवडीमोलानं घेतली, जागेवरच भट्ट्या लावल्या आणि कोळसा शहराकडे नेला.

व्यापाऱ्याच्या वहीत पोत्यांची नोंद असते. झाडाची पुरी नोंद हवी तर दुसरी वही उघडावी लागेल. ती लाव्हाझिएनं घालून दिली. हा गृहस्थ फ्रान्सच्या राजाच्या करवसुलीच्या मक्त्यात भागीदार होता, म्हणजे हिशेबातला माणूस. अभिक्रियेआधी जेवढं वजन तेवढंच नंतर, हे त्यानं 1789 च्या ग्रंथात मांडलं. शून्यातून काही उपजत नाही, असं आपले सांख्यही म्हणत होते. पण त्यांनी तराजू लावला नव्हता.

आता हिशेब करू. 12 किलो कार्बन जळताना 32 किलो ऑक्सिजन घेतो आणि 44 किलो कार्बन डायऑक्साइड होतो. समजा, पोत्यात 30 किलो कोळसा आहे आणि त्यात 24 किलो कार्बन. शहरातल्या शेगडीत तो पुरा जळला, तर 64 किलो ऑक्सिजन लागेल आणि 88 किलो वायू बाहेर पडेल.

पण त्याआधी काय झालं? मातीच्या भट्टीत लाकडाच्या साधारण पाचव्या हिश्शाइतका कोळसा पडतो. म्हणजे 30 किलोसाठी 150 किलो सुकं लाकूड. त्यात निम्मा, 75 किलो कार्बन. पोत्यात आला 24. उरलेला 51 किलो धूर, डांबर, वायू होऊन रानातच गेला. दोनतृतीयांश झाड शहरात पोचलंच नाही, आणि त्याचा पैसाही कुणाला मिळाला नाही.

माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी 1970 च्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांच्या नोंदी केल्या. देवाच्या नावानं राखलेली ती झाडं आपल्याला पूर्वीच्या रानाची कल्पना देतात. वेल्ह्याचा अलीकडचा इतिहास लिहायचा, तर पोत्यांच्या आकड्याला पाचानं गुणून सुरुवात करावी लागेल.