ज्वलनशील वायू परत आले

कुरुळी-चाकण परिसरातील घरोघरच्या फ्रिजमागची पट्टी विद्यार्थ्यांना वाचायला सांगा. नव्या फ्रिजवर बहुधा आर-६००ए, जुन्यावर आर-१३४ए आढळेल. आर-६००ए म्हणजे आयसोब्युटेन, स्वयंपाकाच्या गॅसचा भाऊबंद! पेट घेणारा वायू फ्रिजमध्ये आला कसा?

आरंभीच्या यंत्रांत अमोनिया, सल्फर डायऑक्साइड असे विषारी वायू असत. १९३० साली टॉमस मिजली यांनी आर-१२ वायू श्वासात घेतला आणि त्याच फुंकरीने मेणबत्ती विझवली. ना विष, ना आग. परंतु हा वायू इतका स्थिर, की न विघटता थेट स्थितांबरात पोचतो. तेथे अतिनील किरणांमुळे सुटलेला क्लोरीन ओझोन नष्ट करतो, हे मोलिना व रोलंड यांनी १९७४ मध्ये मांडले. १९८७ च्या मॉन्ट्रियल करारात भारत १९९२ मध्ये सामील झाला. पर्यायी आर-१३४ए ओझोनला निर्धोक. मात्र शंभर वर्षांच्या हिशेबाने तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४०० पट उष्णता वाढवतो. प्रोपेनचा हा आकडा पाचच्याही आत आहे.

२०१२ मध्ये गोदरेजने प्रोपेनवर चालणारे वातानुकूलक बाजारात आणले. ते पुणे-सातारा रस्त्यावरील शिरवळच्या कारखान्यात तयार होत. हा निर्णय आम्हांला धाडसाचा वाटतो. यंत्रात वायू काही शे ग्रॅमच असतो, तरी धोका आता दुरुस्ती करणाऱ्या कारागिराच्या हाताशी आला. नळी जोडण्यासाठी ज्योत पेटवण्यापूर्वी त्याला आतला प्रोपेन पूर्ण काढून नायट्रोजन फिरवावा लागतो.