रापणीची वाळू

आज मालवणच्या किनाऱ्याची गोष्ट ऐकू या. सुट्टीला येणारी माणसं इथला किल्ला नि निळं पाणी बघून जातात. पण ही वाळू आधीपासून कामाची जागा आहे.

शिवाजी महाराजांनी १६६४ साली कुरटे बेटावर सिंधुदुर्ग किल्ला बांधायला घेतला. तो इतिहास आपण शाळेत शिकलो. समोरच्या वाळूवरच्या रापणीचा इतिहास मात्र कुणी शिकवत नाही.

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबलचक जाळं. होडीतून ते अर्धगोलात समुद्रात सोडतात आणि दोन्ही टोकं धरून माणसं ओढतात. एका घराचं हे काम नव्हे. मिळालेल्या मासळीचे वाटे पडतात. बचत गट हा शब्द येण्याआधीपासून इथे मेहनत आणि मिळकत वाटून घेतली जात होती. मासळी वाळूवर आली की पुढचं काम बायांचं. निवडायची, खारवायची, सुकवायची, पाटी डोक्यावर घेऊन विकायची. मासळीचा पैसा व्हायचा तो या पाटीतून.

पुढे यांत्रिक ट्रॉलर आले आणि किनाऱ्याजवळची मासळी कमी होऊ लागली. रापणवाल्यांचा त्यांच्याशी संघर्ष झाला. १९८१ साली राज्यात सागरी मासेमारीचा कायदा आला, तरी तंटा मिटला नाही.

१९९७ साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला. तारकर्ली, देवबाग, दांडी इथे राहण्या-जेवणाची सोय, होडीची सफर, स्कूबा डायव्हिंग सुरू झालं. घरच्या सुरमईला नि सोलकढीला पैसे मिळू लागले, हे चांगलंच झालं. पण रापण ओढायला आणि मासळी सुकवायला मोकळी वाळू लागते. पाहुण्यांनाही तीच वाळू हवी असते. मग सरकायला कुणाला सांगतात? जिच्याकडे जागेचा कागद नाही, तिला.

पर्यटन नको, असं माझं म्हणणं नाही. याच जिल्ह्यात वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत बचत गटाच्या बाया स्वतः होडी वल्हवत पाहुण्यांना कांदळवन दाखवतात. तिथे पाहुणा येतो, पण वल्हं बाईच्याच हातात असतं.

म्हणून पुढच्या बैठकीत एक काम करू या. गावातल्या म्हाताऱ्या आजींना विचारू, मासळी कुठे सुकायची, बाजार कुठे बसायचा. ते वहीत लिहू आणि ती वही ग्रामसभेत नेऊ. लिहिलेलं असलं की "इथे तुमचं काय?" या प्रश्नाला उत्तर देता येतं.