नाताळच्या सुटीतले फैजपूर

सणावाराला घर पाहुण्यांनी भरणार असे कळले की घरच्या बाईच्या मनात पहिला विचार येतो तो पक्वान्नाचा नव्हे. पाणी कोण भरणार, अंथरुणे कुणाकडून मागून आणायची, आणि एवढी माणसे पहाटे उठून जाणार कुठे, ह्या चिंता आधी उभ्या राहतात. पुरण काय, ते शिजतेच! आमच्या खानदेशात श्रावणात कानबाईच्या रोटांना भाऊबंद जमतात, तेव्हा कित्येक घरांत माणशी सव्वा मूठ गहू मोजून घेण्याची चाल आहे. पोटासाठी सुरतेला किंवा मुंबईला गेलेल्या भावाची मूठही त्यात पडते. त्या मोजणीने पाने किती मांडायची एवढे तरी आधी समजते. पण पाहुणे किती येणार हेच ज्या यजमानाला ठाऊक नाही, आणि येणारे सगळ्या हिंदुस्थानातून यायचे आहेत, त्याने काय करावे? १९३६ सालच्या नाताळात पूर्व खानदेशातल्या फैजपूर गावावर ही पाळी आली होती. काँग्रेसचे पन्नासावे अधिवेशन तिथे भरले, आणि एखाद्या खेड्यात भरलेले ते पहिलेच.

आता काँग्रेसचा आणि नाताळचा संबंध काय, असे वाचक विचारतील. संबंध जुना आहे आणि थोडा गमतीचाही आहे. काँग्रेस स्थापन करणारी मंडळी बहुतेक वकील, संपादक, अध्यापक. त्यांना एकदम मोकळीक मिळायची ती सरकारने आपल्या सणासाठी कोर्टकचेऱ्या बंद ठेवल्या म्हणजेच. साहेब आपल्या बंगल्यात नाताळची मेजवानी मांडून बसला की इकडे ही मंडळी त्याच्याच सुटीत त्याच्या राज्याविरुद्ध गाऱ्हाणी मांडायला जमायची! पहिले अधिवेशन १८८५ च्या डिसेंबरात पुण्यास व्हायचे होते. सार्वजनिक सभेने पाहुण्यांची सोयही करून ठेवली होती. पण ऐन वेळी पुण्यात पटकीची साथ उठली आणि सारा बेत मुंबईला हलवावा लागला. तिथे गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत बहात्तर प्रतिनिधी जमले. यजमानाच्या घरी दुखणे निघाले म्हणजे काय गडबड उडते, ते ज्यांच्या घरी कार्य झाले आहे त्यांना सांगायला नको.

पुढे वर्षे गेली, मंडप मोठे झाले, भाषणे लांबली. यजमानकीची खरी परीक्षा मात्र भाषणाच्या मंडपात होत नसते. १९०१ च्या कलकत्ता काँग्रेसला दक्षिण आफ्रिकेतून आलेले एक तरुण बॅरिस्टर हजर होते. मोहनदास गांधी त्यांचे नाव. त्यांनी तिथे जे पाहिले ते आत्मकथेत लिहून ठेवले आहे. तमिळ प्रतिनिधींचे स्वयंपाकघर निराळे. दुसऱ्याची दृष्टी पडू नये म्हणून त्याच्याभोवती तट्ट्यांचा आडोसा, आणि त्या कोंडलेल्या जागेत धूर, जेवण, हात धुणे सारे एकत्र. शौचकूपांची स्थिती तर बोलायची सोय नव्हती. स्वयंसेवकांना सांगितले तर उत्तर मिळाले की ते काम आमचे नव्हे, भंग्याचे आहे. गांधींनी झाडू मागून घेतला आणि स्वतःपुरती एक जागा साफ केली. त्यांच्या एका झाडूने छावणी थोडीच स्वच्छ होणार! राष्ट्राच्या पंगतीला बसायला आलेल्या सुशिक्षितांना उष्टे-खरकटे आणि त्यापुढचे सारे दुसऱ्याच कुणीतरी उचलावे असे वाटत होते, आणि तसे वाटण्यात काही वावगे आहे असे फारसे कुणाच्या मनातही येत नव्हते.

१९२९ साली लाहोरच्या कडाक्याच्या थंडीत एक गोष्ट ठरली. गोरगरिबांपाशी पांघरूण नसते, त्यांचे हाल होतात, म्हणून इथून पुढे अधिवेशन डिसेंबरात न घेता थंडी सरल्यावर घ्यायचे. त्याप्रमाणे १९३१ चे कराचीचे अधिवेशन मार्चमध्ये झाले आणि १९३६ चे लखनौचे एप्रिलमध्ये. पण १९३७ च्या आरंभी प्रांतोप्रांतीच्या निवडणुका येऊन ठेपल्या होत्या. त्याच वर्षाच्या अखेरीस दुसरे अधिवेशन आले, आणि ते पुन्हा नाताळातच. गांधींनी १९३४ मध्ये काँग्रेसचे सभासदत्व सोडले होते व वर्ध्यास ग्रामोद्योग संघ काढला होता. काँग्रेस खेड्यात भरली पाहिजे हा ध्यास त्यांचा. मान मिळाला फैजपूरला. सातपुड्याच्या पायथ्याकडचे, कापसाच्या काळ्या रानातले हे गाव. एके काळी इथल्या रंगाऱ्यांच्या कामाचे मोठे नाव होते.

लखनौहून फैजपूरला हातात महिने उरले आठ, आणि त्यांतले चार पावसाळ्याचे. खानदेशची काळी माती पावसात पायाला कशी धरते हे इथल्या माणसाला विचारावे. शहरातल्या यजमानाला भाड्याने वाडे मिळतात, नळ असतात, दिवे असतात. इथे साराच संसार माळावर नव्याने मांडायचा होता. स्वागताध्यक्ष होते शंकरराव देव. भुसावळचे अण्णासाहेब दास्ताने होते. पोलिसखात्यातली नोकरी सोडून चळवळीत आलेले खिरोद्याचे धनाजी नाना चौधरी होते. आणि होते साने गुरुजी. अमळनेरच्या शाळेतली मास्तरकी त्यांनी सहा वर्षांपूर्वीच सोडली होती. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत, ते गुरुजींनी उतरून घेतले होते. तेच गुरुजी आता अधिवेशनासाठी खानदेशातली खेडी पालथी घालीत होते. मास्तराला घरोघर मागायला लाज वाटत नाही, हे मी आमच्या जातभाईंच्या वतीने सांगू शकतो!

मंडपाची कथा तर ऐकण्यासारखी आहे. सजावटीसाठी गांधींनी शांतिनिकेतनहून नंदलाल बोस यांना बोलावले. नंदलाल संकोचले. आपण चित्रकार, वास्तू उभारणे हे काही आपले शास्त्र नव्हे, असे त्यांचे म्हणणे. गांधींनी त्यांचे काही चालू दिले नाही. अट एकच, की जे काय करायचे ते खेड्यात मिळणाऱ्या वस्तूंनी आणि खेड्यातल्या हातांनी. मग बांबू आले, चटया आल्या, गवत आले, आणि त्यांतून 'टिळकनगर' उभे राहिले. आपल्याकडे लग्नाचा मांडव घालतात तो तरी दुसरा कशाचा असतो? आमच्या लोकांना मांडव घालण्याची कला मुळीच नवी नव्हती. ती पाहायला सबंध देश येईल, एवढे मात्र त्यांना कधी स्वप्नातही वाटले नसेल.

२५ डिसेंबरला, म्हणजे ऐन नाताळच्या दिवशी, खादी-ग्रामोद्योगांच्या प्रदर्शनाचे उद्घाटन गांधींनी केले. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू बैलांच्या रथातून मिरवत आले. मुंबईहून धावणाऱ्यांनी हातोहात ज्योत आणली. झेंडा चढवताना तो उंच खांबावर मध्येच अडकला. तेव्हा पश्चिम खानदेशातल्या शिरपूरचा किसनसिंग राजपूत नावाचा तरुण खांबावर चढला आणि त्याने गुंता सोडवला, ही हकीकत धुळ्याकडे अजून सांगतात. २७ आणि २८ तारखेला अधिवेशन झाले. शेतकऱ्यांच्या सारा, खंड आणि कर्जाविषयीचा ठराव झाला. त्याची चर्चा इतिहासाच्या पुस्तकांतून पुष्कळ आहे, म्हणून इथे लांबवीत नाही.

पुस्तकांतून ज्याला एखादी ओळ मिळते ते काम निराळे. ह्या एवढ्या माणसांच्या मैल्याची व्यवस्था स्वयंसेवकांनी केली. त्यात पुढाकार होता कोकणातल्या अप्पासाहेब पटवर्धनांचा. हा उच्चवर्णीय, एम. ए. झालेला मनुष्य. १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी भंगीकाम मागितले. सरकारने ते ह्यांच्या जातीला नाकारले, म्हणून ते उपोषणाला बसले, आणि त्यांच्या पाठोपाठ येरवड्यात गांधीही. जे काम तुरुंगात उपाशी राहून मागावे लागले, ते चार वर्षांनी फैजपूरच्या माळावर उजळ माथ्याने करता आले. कलकत्त्याचे ते उत्तर आणि फैजपूरची ही खोरी-टोपल्या यांच्यामध्ये पस्तीस वर्षे गेली होती. मला विचाराल तर त्या अधिवेशनातला मोठा ठराव हाच, आणि तो कुणी मांडला नाही की कुणी त्याला अनुमोदन दिले नाही.

अर्थात एवढ्याने सारे साधले असे नव्हे. पाहुणे गेल्यावर गावोगावचा भंगीवाडा होता तिथेच राहिला, आणि स्वयंसेवकांपैकी कितीजणांनी आपल्या घरी परतल्यावर खराटा हातात धरला असेल याची शंकाच आहे. घरच्या बायकांचेही तसेच. आजही कानबाईच्या दिवशी रोट थापणाऱ्या सुनांची पंगत शेवटी बसते, आणि तोवर भाजी थंड झालेली असते. देशासाठी टोपली उचलणे एकवेळ सोपे जाते, पण बायकोच्या हातातली उष्टी ताटे काढून घेणे अवघड! माझ्या आत्याचे सासरे खादीधारी होते. सूत रोज न चुकता कातीत. पाण्याचा तांब्या मात्र त्यांनी जन्मात कधी हाताने भरून घेतला नाही.

पुढचे अधिवेशन १९३८ च्या फेब्रुवारीत हरिपुऱ्याला झाले. तेही खेडेच, आणि तेही तापीकाठचे. आमच्या खानदेशातून वाहणारी नदी खाली गुजराथेत उतरते, तिथले. नंदलालबाबू तिथेही आले. आणि तिथल्या यजमानांपुढेही पहिला प्रश्न होता तो पाण्याचा आणि चरांचाच.