ओळखीचा डॉक्टर

न्यू जर्सीतल्या रोसेल गावच्या मिसेस थिओडिशिया कार्पेंटर १८८० साली दात दाखवायला गेल्या होत्या. नंबर लागेपर्यंत वेळ जावा म्हणून त्यांनी तिथं पडलेलं एक मिशनरी मासिक चाळायला घेतलं, आणि त्यात त्यांना हिंदुस्थानातून आलेलं एक पत्र दिसलं. गोपाळराव जोशी नावाच्या पोस्टातल्या कारकुनाला आपल्या बायकोला अमेरिकेत शिकवायचं होतं. पुढचं सगळं आपल्याला पाठ आहे. श्री. ज. जोशींची कादंबरी, त्यावरचं नाटक, २०१९ चा सिनेमा. पण आनंदीबाईंचा अमेरिकेचा रस्ता एका डेंटिस्टच्या वेटिंग रूममधून निघाला, हे मात्र आपण फारसं लक्षात ठेवत नाही.

मला ते हल्ली फार आठवतं. त्याचं कारण अगदी साधं आहे. आमच्या वाडीत, म्हणजे नागपूरहून अमरावती रोडनं निघालात की डिफेन्सच्या अलीकडे-पलीकडे पसरलेल्या ह्या आमच्या गावात, आता गल्लीगणिक एखादं पोरगं बाहेर शिकायला गेलेलं असतं. गेल्या वर्षी नात्यातल्या एका मुलीची जर्मनीची तयारी चालली होती. फी, व्हिसा, ब्लॉक्ड अकाउंट सगळ्यांना तोंडपाठ. "आणि तिथं आजारी पडली तर?" असं तिच्या आजीनं विचारलं तेव्हा सगळे गप्प. "इन्शुरन्स असतो न आजी," एवढंच उत्तर. असतो म्हणजे काय, तो दाखवून डॉक्टरपर्यंत पोचायचं कसं, आणि तो आला कुठून, हे शोधता शोधता मी आनंदीबाईंपर्यंत जाऊन पोचलो.

आनंदीबाईंची तब्येत मुळात निघायच्या आधीपासूनच खराब होती. कलकत्त्याला असताना सारखं डोकं दुखायचं, मधूनच ताप, धाप लागायची. मिसेस कार्पेंटरनी अमेरिकेहून औषधं पाठवली, त्यांचा उपयोग झाला नाही. (आज आपण पोरांच्या बॅगेत वर्षभराच्या गोळ्या कोंबतो. तेव्हा गोळ्या उलट्या दिशेनं येत होत्या!) ७ एप्रिल १८८३ ला त्या कलकत्त्याहून निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. घ्यायला बंदरावर त्याच बाई. फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात प्रवेश मिळाला, डीन रेचेल बॉडली पाठीशी उभ्या राहिल्या. त्या कॉलेजात परदेशी मुली आणखीही होत्या. १८८५ चा तो प्रसिद्ध फोटो पाहिला असेल, नऊवारीतल्या आनंदीबाई, किमोनोतल्या जपानच्या केइको ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबूली. आजच्या भाषेत तिघी 'इंटरनॅशनल स्टुडंट'.

तिथली थंडी, सवय नसलेलं खाणं, अभ्यास. क्षयानं गाठलं. आता ह्या मुलीच्या आजारपणाची जबाबदारी कोणाची होती? सरकारची नाही, कुठल्या कंपनीची नाही, कागदोपत्री कोणाचीच नाही. एक मायाळू बाई, एक डीन आणि शिकवणारे डॉक्टर, एवढाच तिचा विमा. आपल्या भाषेत सांगायचं तर ओळख. तिची ओळख तरी पक्की होती. वैद्यकीच्या कॉलेजातच राहणाऱ्या मुलीला डॉक्टरांचा तुटवडा नव्हता. ११ मार्च १८८६ ला त्या एम.डी. झाल्या, वर्षअखेरीस परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेल्या, बाविसावं पूर्ण व्हायच्या आत. क्षयाचा जंतू कॉखनं १८८२ मध्ये दाखवला होता, पण त्याला मारणारं स्ट्रेप्टोमायसिन सापडायला १९४३ उजाडावं लागलं. तेव्हा विमा असता तर वाचल्या असत्या, असलं काही मी म्हणणार नाही.

गंमत अशी की आनंदीबाई न्यूयॉर्कला उतरल्या त्यानंतर अकराच दिवसांनी, १५ जून १८८३ ला, जर्मनीत बिस्मार्कनं कामगारांच्या आजारविम्याचा कायदा करून घेतला. दोन हिस्से कामगारानं भरायचे, एक मालकानं, आणि आजारी पडलं की डॉक्टर, औषध आणि बुडालेल्या मजुरीपोटी थोडे पैसे. सक्तीच्या आरोग्य विम्याची जगातली ही पहिली मोठी योजना. त्यात विद्यार्थी नव्हता. कसा असेल? विमा हक्क म्हणून मिळायचा तो नोकरीपोटी.

आपल्या नागपुरातही हेच दिसतं. जमशेटजींच्या एम्प्रेस मिलनं १८८६ मध्ये, म्हणजे आनंदीबाईंच्या पदवीच्याच साली, कामगारांसाठी पेन्शन फंड काढला आणि १८९५ पासून अपघाताची भरपाई सुरू केली. ह्याच जमशेटजींनी १८९२ मध्ये परदेशी शिकायला जाणाऱ्यांसाठी कर्जाची योजना काढली. एकाच माणसाचे दोन हात म्हणा ना. गिरणीत जखमी होणाऱ्याची सोय एका हातानं, बोटीत बसणाऱ्या विद्यार्थ्याची दुसऱ्यानं. पुढे १९५४ मध्ये नागपूरच्या कामगारांना ईएसआयचं कार्ड मिळालं. डिफेन्सवाल्यांना फॅक्टरीचा दवाखाना. आमच्याकडे आरोग्याची सोय ही बापाच्या नोकरीतून पोरापर्यंत येते, आणि पोरगं विमानात बसलं की विमानतळावरच राहते.

आनंदीबाईंनंतर तीस वर्षांनी रामानुजन केंब्रिजला गेले. मराठी नव्हेत, पण ह्या गोष्टीत त्यांना वगळताच येत नाही. इंग्लंडात १९११ चा नॅशनल इन्शुरन्स ॲक्ट झाला होता, त्यात क्षयरोग्यांसाठी सॅनिटोरियमचीसुद्धा तरतूद होती. पण तो कायदा मजुरी करणाऱ्यांचा. मद्रासच्या शिष्यवृत्तीवर आलेला गणिती त्यात बसत नव्हता. १९१७ मध्ये ते आजारी पडले. एका सॅनिटोरियममध्ये जागा मिळाली, ती सॉमरसेटमधल्या डॉ. चौरी मुथूंकडे. मुथूंची आणि त्यांची भेट कुठं झाली होती? १९१४ मध्ये, इंग्लंडला जाणाऱ्या बोटीवर! परत ओळखच. पुढे निरनिराळी नर्सिंग होम झाली, बरेच डॉक्टर झाले, कोणी क्षय म्हणालं, कोणी आणखी काही. १९२० मध्ये बत्तिसाव्या वर्षी ते गेले. १९९४ मध्ये डी. ए. बी. यंग ह्या डॉक्टरांनी जुने कागद तपासून मत मांडलं की तो बहुधा यकृताचा अमिबियासिस असावा, मद्रासकडे पूर्वी झालेल्या आमांशाचा मागे राहिलेला. हे मत खरं धरलं तर आजार इंग्लंडचा नव्हताच. ते तो घरूनच घेऊन आले होते, आणि इंग्लंडच्या डॉक्टरांच्या नजरेला तो सवयीचा नव्हता. मला हे फार बोचतं. म्हणून मी जाणाऱ्या प्रत्येक पोराला सांगतो की पूर्वी झालेलं मलेरिया, डेंग्यू, कावीळ सगळं एका कागदावर लिहून ने. तिथला डॉक्टर आपणहून विचारेलच असं नाही.

ओळखीच्या जागी कागद यायला सुरुवात झाली ती कॉलेजांमुळे. अमेरिकेत ॲमहर्स्ट कॉलेजनं १८६१ मध्ये विद्यार्थ्यांच्या आरोग्यासाठी स्वतंत्र विभाग काढला, बर्कलेनं १९०६ मध्ये दवाखानाच सुरू केला. आधी फी भरायची, मग वर्षभर दाखवायचं. आजच्या कॅम्पसवरच्या 'स्टुडंट हेल्थ सेंटर'ची ही पणजी. इन्शुरन्स ह्या दवाखान्याच्या पाठीवर नंतर बसला, आणि त्यामुळेच तिथला रस्ता आजही बहुतेक ठिकाणी त्याच दारातून जातो.

अमेरिकन सरकार ह्यात फार उशिरा उतरलं. जे-वन व्हिसावर येणाऱ्यांना विमा सक्तीचा आहे. १९९४ च्या नियमात एका आजाराला किंवा अपघाताला किमान ५० हजार डॉलरचं संरक्षण मागितलं होतं, मे २०१५ पासून ते एक लाख झालं. पण आपली बहुतेक पोरं जातात ती एफ-वनवर, आणि त्यांच्यासाठी केंद्र सरकारची तशी अटच नाही! अट असते विद्यापीठाची. म्हणून दोन मैत्रिणी दोन विद्यापीठांत गेल्या तर दोघींचे नियम वेगळे. ओबामांच्या २०१० च्या कायद्यानंतर विद्यापीठांच्या योजनांना २०१४ पासून जुने आजार वगळता येत नाहीत. इथून घेऊन जायच्या स्वस्त ट्रॅव्हल पॉलिसीत मात्र बहुधा नेमकं तेच वगळलेलं असतं. विद्यापीठानं ती चालते म्हटलं म्हणून दमेकऱ्याला ती चालेल असं नाही.

ब्रिटननं वेगळाच प्रवास केला. १९४८ मध्ये एनएचएस सुरू झालं तेव्हा परदेशी माणसालाही फुकट. १९४९ मध्येच पैसे घ्यायचा अधिकार कायद्यात आला, पण वापरला गेला तो १९८२ मध्ये, आणि तेव्हाही सहा महिन्यांहून मोठ्या कोर्सचे विद्यार्थी वगळले. एप्रिल २०१५ पासून व्हिसाबरोबर आरोग्य अधिभार आला, विद्यार्थ्याला वर्षाला १५० पौंड. फेब्रुवारी २०२४ मध्ये तो ७७६ वर नेला. दार तेच, आता तिकीट आगाऊ. पैसे भरून पोरं निश्चिंत होतात, पण जवळच्या जीपीकडे नाव नोंदवायचं राहूनच जातं. ते नोंदवलं नाही तर स्पेशालिस्टकडे पाठवणार कोण?

आणि जर्मनी. बिस्मार्कच्या योजनेत विद्यार्थी कायद्यानं शिरायला ९२ वर्षं लागली, १९७५ मध्ये. तिथं विमा दाखवल्याशिवाय विद्यापीठात नावच दाखल होत नाही. सरकारी क्रांकेनकासेत विद्यार्थ्यांचा दर तिसाव्या वर्षापर्यंत मिळतो. आपल्याकडची पोरं पाच-सात वर्षं नोकरी करून एम.एस.ला जातात, त्यांनी हे आधी बघावं. दुसरं, सुरुवातीला स्वस्त खाजगी विमा घेऊन सरकारी विम्यातून सूट घेतली, तर ते शिक्षण संपेपर्यंत परत आत येता येत नाही. आमच्या मुलीला हे सांगितलं तेव्हा तिनं एजंटनं सुचवलेली पॉलिसी बाजूला ठेवली. आजी खूश :)

पण खरी अडचण पैशाची नाही, सवयीची आहे असं मला वाटतं. आम्ही नागपूरकर पोटात दुखलं की धंतोली नाहीतर रामदासपेठ गाठतो, थेट स्पेशालिस्ट. आधी कोणाची चिठ्ठी लागते हे आमच्या डोक्यातच येत नाही. अमेरिकेत शिकणाऱ्या एका भाच्याला मूतखड्याचा त्रास झाला, तेव्हा तीन दिवस तो खोलीवर गोळ्या खात पडून होता. बिलाची भीती. इकडून आई फोनवर, "अरे मंग डायरेक्ट किडनीच्या डॉक्टरले दाखव न बाप्पा!" त्यानं शोधून एका युरॉलॉजिस्टला फोन केला, तर तिथं विचारलं, रेफरल आहे का, आणि आम्ही तुझ्या नेटवर्कात आहोत का? त्याला दोन्ही शब्द नवे. शेवटी रूममेटनं उचलून हेल्थ सेंटरला नेलं. तिथल्या नर्स प्रॅक्टिशनरनं तपासलं, लघवीची तपासणी केली, नेटवर्कातल्या डॉक्टरकडे रेफरल लिहून दिला, आणि त्याच आठवड्यात भेट झाली. सगळं कार्डात आधीपासून होतं. दार कुठलं ते कोणी सांगितलं नव्हतं.

म्हणून तिथं पोचल्याच्या पहिल्या आठवड्यात, ठणठणीत असतानाच, हेल्थ सेंटर कुठं आहे ते पाहून यावं. डिडक्टिबल किती, म्हणजे कंपनी पैसे द्यायला लागायच्या आधी आपल्या खिशातून किती जाणार, ते विचारावं. बाहेरच्या डॉक्टरला रेफरल लागतो का, रात्री कोणाला फोन करायचा, आणि साधा ताप असेल तर इमर्जन्सीत न जाता अर्जंट केअर कुठं, हेही. छातीत दुखलं, श्वास लागला तर मात्र रेफरल वगैरे काही न बघता सरळ इमर्जन्सी. आणि मनाचं दुखणं असेल तर त्याच इमारतीत बहुधा समुपदेशकही असतो. ह्या शेवटच्या गोष्टीबद्दल आपल्या घरांत फोनवर कोणीच बोलत नाही, पोरंही नाही आणि आपणही नाही.

जे-वनच्या त्या नियमांत आणखी एक कलम आहे, ते पॉलिसी वाचताना आईबाप पटकन उलटून टाकतात. मृत्यू झाला तर पार्थिव मायदेशी पोचवण्याचा खर्च. १९९४ मध्ये साडेसात हजार डॉलर, २०१५ पासून २५ हजार. ते वाचताना मला परत आनंदीबाईच आठवल्या. त्यांच्या बाबतीत प्रवास उलटा झाला. गोपाळरावांनी त्यांच्या अस्थी मिसेस कार्पेंटरना पाठवल्या, आणि त्या बाईंनी त्या न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सीच्या दफनभूमीत, आपल्या घरच्यांच्या जागेत ठेवल्या. तिथं त्या अजून आहेत.