लाफायेट पार्क आणि आमचा वाडा

मंडळी, सेंट लुईसला आलात तर लाफायेट पार्क जरूर बघा. १८३६ साली राखून ठेवलेली ही जागा. भोवती विटांची, मॅन्सार्ड छपरांची देखणी घरं. २७ मे १८९६ च्या टोर्नेडोने झाडं, घरं पार उद्ध्वस्त केली. पैसेवाले हळूहळू निघून गेले, बंगल्यांत भाड्याच्या खोल्या झाल्या. पुढे काही हौशी कुटुंबांनी ती पडकी घरं घेऊन स्वतः दुरुस्त केली, महामार्गाच्या बेताला विरोध केला. १९७२ मध्ये हा शहराचा पहिला संरक्षित ऐतिहासिक विभाग ठरला.

सदाशिव पेठेतला आमचा वाडा पाडायच्या कागदांवर मीही इथूनच सही केली होती. "दुरुस्ती परवडत नाही," म्हणालो होतो. खरं तर हिशेब कधी केलाच नव्हता.